दुःखाचा दाखला

दिवाळी अंकातला लेख चकलीसारखा खुसखुशीत असावा अशी संपादकांची अपेक्षा असते, आणि ती काही वावगी नाही. हा अंक घरोघर फराळाच्या ताटाशेजारी वाचला जातो. पण यंदा माझ्याकडे एक काम येऊन पडले आणि त्याने मला दुसरे काही सुचू दिले नाही. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी. मी आज भांडायला बसले आहे.

काम होते एका पत्राचे. न्यू जर्सीहून माझ्या भाचेसुनेचा फोन आला. "मावशी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. आमच्यासाठी एक पत्र लिहून द्या ना. घरच्या माणसांची पत्रं अर्जाला जोडायची आहेत. आमची ताटातूट झाल्यामुळे काय हाल चाललेत ते लिहायचं." मग जरा घुटमळली आणि म्हणाली, "वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असं लिहा."

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. आमच्या आईच्या भाषेत मॅट्रिक. त्यावर चित्रकलेचा शिक्षकी अभ्यासक्रम केला आणि तालुक्याच्या गावी शाळेत मुलांना चित्रकला शिकवते. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. वाचकांच्या डोळ्यांत पाणी आणण्याचा उद्योग मी आजवर पुष्कळ केला. पण ते पाणी सरकारी अधिकाऱ्याच्या डोळ्यांत आणायचे आहे, असे मला प्रथमच कोणी सांगितले.

हकीकत थोडक्यात अशी. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत गेला. तिथेच त्याचे लग्न झाले. मुलगी आपल्यातलीच, आईवडिलांबरोबर ग्रीन कार्ड मिळून तिकडे गेलेली. पुढे त्याची नोकरी गेली, व्हिसाची मुदत संपली, तरी तो परतला नाही. बायकोला नागरिकत्व मिळाले की आपलेही कागद सरळ होतील, अशा भरवशावर दोन वर्षे बसून राहिला. ही चूक त्याची. मी तिच्यावर पांघरूण घालीत नाही. मग एके रात्री इकडून फोन गेला की भावोजींना अतिदक्षता विभागात ठेवले आहे. एकुलता एक मुलगा. वकिलाने त्याला बजावले होते की, बाहेर पाऊल टाकलेस तर परतीचे दार बंद होईल. तो आला. बापाच्या तोंडात पाणी घालायला पोहोचला, अग्नी दिला, तेरावा केला. आणि दार बंद झाले. तिकडे राहिलेली त्याची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. आज ती चार वर्षांची आहे.

अमेरिकेचा हा कायदा १९९६ सालचा. मुदत संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून जो स्वतः होऊन बाहेर पडला, त्याला ३ वर्षे परत प्रवेश नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त राहिला असेल तर १० वर्षे. यातून सुटायची एक खिडकी आहे. अर्जदाराची बायको, नवरा, आई किंवा बाप यांपैकी कोणी अमेरिकेचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी असेल, आणि अर्जदाराला आत न घेतल्याने त्या नातेवाइकाला 'पराकोटीचा त्रास' होईल असे सिद्ध झाले, तर माफी मिळू शकते. पराकोटीचा म्हणजे किती, ते कायद्यात कुठेच सांगितलेले नाही. आजवरच्या निवाड्यांवरून एवढेच ठरले आहे की, ताटातुटीमुळे सर्वसाधारणपणे जो त्रास होतो तेवढ्याने भागत नाही. नवऱ्यावाचून करमत नाही, पैशाची ओढाताण होते, पोर बापासाठी रडते, हे सारे सर्वसाधारण झाले. त्याच्या पलीकडचे काहीतरी दाखवावे लागते.

आणि त्या पलीकडच्या गोष्टीचा कागद मिळतो मानसशास्त्रज्ञाकडे. असा कागद आणलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. पण तो असावा असा सल्ला बहुतेक वकील देतात. मग त्या बाईने मानसशास्त्रज्ञापुढे जाऊन बसायचे. दोनतीन तासांची मुलाखत होते, कधी दोनतीन बैठका होतात. लहानपणापासूनची कहाणी विचारतात. झोप, भूक, काम, जुनी दुखणी, मनात जीव देण्याचे विचार येतात का, सारे विचारतात. प्रश्नावल्या भरून घेतात. त्यांतली एक प्रसिद्ध प्रश्नावली २१ प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन कसे होते ते सांगायचे आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. इथे आम्ही मुलांना गुण देतो ते जास्त पडले तर पेढे वाटतात. तिथेही जास्त गुण पडावेत म्हणून घरचे लोक देव पाण्यात घालून बसतात. फक्त ते गुण दुःखाचे असतात.

आमच्या सुनेला गुण कमी पडले.

कमी पडायचेच. आपल्या घरात वाढलेली मुलगी ती. कशी आहेस म्हटले की "बरी आहे" हे उत्तर तिच्या जिभेवर आई-आजीने बसवलेले. झोप लागते का? लागते. रडू येते का? कधीतरी. कामात लक्ष लागते का? लावावेच लागते. तासभर ती अशी "बरी आहे, बरी आहे" म्हणत राहिली. वकिलांचे तोंड उतरले. त्यांच्या कचेरीतल्या कोणी तिला सुचवले की, पुन्हा एकदा भरून पाहा, जरा मोकळेपणाने. मोकळेपणाने याचा अर्थ तिला कळला. त्या मानसशास्त्रज्ञ बाईंनाही कळला असावा. कारण प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायला त्यांनी चक्क नकार दिला. त्यांनी एवढेच विचारले, "तुझा दिवस कसा जातो ते सकाळपासून सांग." तेव्हा हळूहळू बाहेर आले की, ती रात्री हातात फोन घेऊन झोपते, कारण तिच्या रात्री इथे नवऱ्याचा दिवस असतो. स्वतःसाठी तिने कित्येक महिन्यांत धड स्वयंपाक केलेला नाही. आणि दोनदा मुलीला पाळणाघरातून आणायचेच ती विसरली. पाळणाघराचा फोन आला तेव्हा ती गाडीत नुसती बसून होती. हे तिने आम्हांला कुणालाच सांगितले नव्हते. त्या बाईंनी जे ऐकले तेवढेच लिहिले; वाढवले नाही, घटवले नाही.

म्हणून मी प्रथमच सांगते की, माझे भांडण त्या विद्येशी नाही. ती प्रामाणिकपणे वापरली तर मुक्याला वाचा देते. छळ सोसून आश्रयाला आलेल्या माणसांचे पाहा. २००५ सालच्या कायद्याने अमेरिकेतल्या न्यायाधीशाला मुभा दिली की, आश्रितांच्या सांगण्यातली कोणतीही विसंगती, मग ती मूळ मुद्द्याला धरून असो वा नसो, त्यांना अविश्वासू ठरवायला वापरता येईल. तारीख चुकली, क्रम चुकला, की खोटारडा! आता ज्याने मार खाल्ला आहे त्याला क्रम आठवतो का? वर्गात एखादे पोर बापाच्या हातचा मार खाऊन येते. त्याला विचारा, काय झाले? ते आधी चपलेचे सांगेल, मग कुत्र्याचे, मग म्हणेल मी जिन्यावरून पडलो. ते पोर खोटे बोलत नसते; त्याच्या मनात ती रात्र फुटून विखुरलेली असते. हे न्यायासनापुढे शास्त्राच्या भाषेत समजावून सांगणारा कोणीतरी लागतो. छळाच्या खुणा शरीरावर आणि मनावर कशा तपासाव्यात याची रीत डॉक्टरांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली इस्तंबूलच्या नावाने घालून दिली, संयुक्त राष्ट्रांनी ती प्रसिद्ध केली, आणि २०२२ साली ती सुधारूनही घेतली. तसेच, नवऱ्याच्या जाचातल्या बायकांना त्याच्या सहीवाचून स्वतःचा अर्ज करता यावा अशी सोय १९९४ सालच्या कायद्याने झाली. ती नागरिकांच्या आणि ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकांना लागू आहे, आणि तीत नुसती मारहाणच नव्हे, मनाचा छळही धरतात. आपल्याकडून लग्न करून गेलेल्या आणि घरात कोंडल्या गेलेल्या मुलीला असा एक अहवाल म्हणजे बाहेरची वाट होऊ शकतो. तो लिहिणाऱ्याला मी हात जोडते.

माझे भांडण आहे ते मापाशी.

पहिली गोष्ट. या माफीच्या अर्जात मूल धरीतच नाहीत. वर दिलेली यादी पुन्हा वाचा: बायको, नवरा, आई, बाप. मूल त्यात नाही. चार वर्षांची ही पोर जन्माने अमेरिकेची नागरिक आहे. साऱ्या घरात पक्क्या कागदांची तीच एकटी! पण तिचे रडणे हिशेबात नाही. तिच्या रडण्याने तिच्या आईला काय होते, ते मात्र हिशेबात आहे. म्हणजे पोर फोनच्या काचेला गाल लावून "बाबा, बाहेर या" म्हणते, ते अर्जात थेट मांडता येत नाही. ते ऐकून आईला किती रात्री झोप आली नाही, हे मांडायचे. पोराचे दुःख आईच्या दुखण्यातून गाळून घेतल्यावर मगच ते सरकारला पोहोचते. असा कायदा करणाऱ्यांच्या घरात मुले नसतात काय?

दुसरी गोष्ट. अधिकाऱ्यापुढे प्रश्न दोन असतात. नवऱ्यावाचून इथे राहिलीस तर काय होईल? आणि त्याच्या देशात गेलीस तर काय होईल? हा दुसरा प्रश्न भयंकर आहे. कारण त्याचे उत्तर देताना माणसाला आपल्याच गावाची निंदा करावी लागते. माझ्या पत्राकडून हीच अपेक्षा होती. सुनेने चाचरत सांगितले, "मावशी, तुम्ही शिक्षिका आहात. तिथल्या शाळेत तिचं शिक्षण नीट होणार नाही, असं तुम्ही लिहिलंत तर वजन पडेल." म्हणजे ज्या शाळेत मी वीस वर्षे खडू झिजवला, जिथली मुले दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात आणि नाव काढतात, त्या शाळेत एका मुलीचा जन्म वाया जाईल, असे मी सही करून लिहायचे! मी नाही म्हटले. तर ताई माझ्यावर कडाडली. "तुझ्या शाळेच्या अभिमानापायी माझ्या पोराचा संसार बुडवशील काय?" त्या रात्री आम्ही दोघी बहिणी एकमेकींशी बोललो नाही. समुद्रापलीकडच्या एका कायद्याने आमच्या स्वयंपाकघरात येऊन हे भांडण लावले.

आता दुसरी बाजू. शहाणी माणसे म्हणतील की, बाई, मुळात कायदा तुमच्या भाच्याने मोडला. दुसऱ्याच्या घरी मुदतीबाहेर राहायचे आणि वर त्यांनाच नियम शिकवायचे? शिवाय ताटातूट म्हटली की सगळ्यांनाच दुःख होते. सगळ्यांना माफी द्यायची तर कायदा कशाला? कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

बरोबर आहे, रेघ ओढावी. चूक झाली तर दंड करा, वर्ष-दोन वर्षे थांबवा, किती दिवस राहिला त्याप्रमाणे शिक्षा ठरवा. त्याच्या अपराधाचे माप त्याच्या अपराधाने घ्या. पण हा कायदा अपराधाची सुटका बायकोच्या दुखण्याने मोजतो. दोन माणसांनी सारखीच चूक केली. एकाची बायको मोडून पडली, तो आत येतो. दुसऱ्याची बायको ताठ उभी राहिली, नोकरी केली, पोर सांभाळले, सासऱ्याच्या वर्षश्राद्धाला न चुकता पैसे पाठवले. तिचा नवरा १० वर्षे बाहेर! धीराची ही शिक्षा झाली. आपल्या आयांनी आपल्याला शिकवले की संकटात मोडू नये. त्या दाराशी मात्र न मोडलेल्या माणसाला विचारतात, मग तुमचे काय अडले आहे? आणि हे एकदा कळले की माणूस स्वतःच्या मनाकडे कसा पाहू लागतो? एखादा दिवस बरा गेला, पोरीबरोबर हसणे झाले, की सुनेला धसका बसतो की, मी बरी तर होत नाही ना? हे तिने स्वतः मला सांगितले. बरे वाटण्याची भीती! औषध कडू असले तर चालते. पण बरे होणेच महाग पडावे, असला दवाखाना मी दुसरीकडे पाहिला नाही.

या दाराचा इतिहासही जुना आहे. १८८२ सालच्या अमेरिकेच्या कायद्याने वेड्यांना आणि जडबुद्धींना मज्जाव केला. १९०७ साली मंदबुद्धींची त्यात भर पडली. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून उतरलेली माणसे जिना चढत असताना डॉक्टर त्यांना नजरेने तपासत आणि संशय आला की अंगावरच्या कोटावर खडूने अक्षर काढीत. मनाबद्दल शंका असेल तर फुलीसारखे इंग्रजी एक्स. मग बाजूला घेऊन लाकडी तुकडे जुळवायला लावीत, ठोकळे ठराविक क्रमाने ठोकायला लावीत, आणि कागदावरची आकृती पाहून काढायला सांगत. त्यांतली एक आकृती आपल्या शंकरपाळ्याची! मी चित्रकलेची शिक्षिका आहे. जन्मात कधी पेन्सिल न धरलेल्या माणसाच्या हातून पहिल्या दिवशी शंकरपाळे नीट उतरत नाही, हे मी शपथेवर सांगेन. हॉवर्ड नॉक्स नावाच्या तिथल्याच डॉक्टरने भाषा न येणाऱ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून निराळे ठोकळे शोधून काढले, हे त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. पण त्याच काळात हेन्री गॉडार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तिथे चाचण्या घेऊन, स्वस्त तिकिटाने आलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन, रशियन लोकांत शंभरातले ऐंशीच्या आसपास मंदबुद्धी निघतात, असा निष्कर्ष १९१७ साली छापला. त्याच १९१७ साली दुसऱ्या एका कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागालाच दार बंद केले. आपल्याला ठोकळेसुद्धा दिले नाहीत. पुढे १९५२ सालच्या कायद्यातला 'विकृत मन' हा शिक्का समलिंगी माणसांवर मारून त्यांना अडवीत. ते थांबायला १९९० साल उजाडले.

तेव्हा आत जायचे तर मन धड आहे हे दाखवावे लागे. आता आमच्या भाच्याला आत जायचे तर बायकोचे मन धड नाही हे दाखवावे लागते. माप उलटे झाले, पण मापणारा तोच आणि खडूही त्याच्याच हातात.

आणि आपण? सगळा दोष समुद्रापलीकडे टाकून मोकळे होता येणार नाही. मनाच्या डॉक्टरकडे सून गेली हे कळताच आमच्या नात्यातल्या एकीने विचारले, "म्हणजे तिला वेड लागलंय का?" दुसरीने सल्ला दिला की, हा कागद कुणाला दाखवू नका, उद्या मुलीच्या लग्नाला आडवा येईल. मुलगी चार वर्षांची! आणि याच मंडळींनी एक महिन्याने सांगितले की, लिहून टाका ना तिला झटके येतात म्हणून, कोण बघायला जातंय? खरे दुःख सांगायला लाज आणि खोटे दुखणे लिहायला मागेपुढे पाहणे नाही! अशा खोट्या कागदाने दुहेरी घात होतो. आपला अर्ज तर बुडतोच. पण त्यानंतर त्याच खिडकीपाशी येणारी एखादी खरोखर मार खाल्लेली बाई उभी राहते, तेव्हा अधिकारी तिच्याकडेही डोळे बारीक करून पाहतो. नाटकी रडणाऱ्यांनी खऱ्या रडणाऱ्यांची पत घालवलेली असते.

शेवटी मी पत्र लिहिले. सलग तीन रात्री खोडून लिहिले, एवढे मी कादंबरीचे पानसुद्धा खोडलेले नाही. शाळेविषयी लिहिले की, आमची शाळा चांगली आहे. पण ती मराठी शाळा आहे, आणि या मुलीला मराठी कळते ते "जेवलीस का" आणि "झोप आता" एवढेच. आई इथे कायमची राहायला आली तर तिचे ग्रीन कार्ड जाण्याचा धोका आहे, आणि तिचे म्हातारे आईबाप तिकडे तिच्यावर अवलंबून आहेत. सुनेविषयी लिहिले की, ती फोनवर नेहमी बरी आहे म्हणते, आणि तिला ओळखणाऱ्या कोणीही त्यावर विश्वास ठेवू नये. भाच्याविषयी लिहिले की, त्याने चूक केली, आणि बापाच्या शेवटच्या घटकेला तो आला नसता तर मी त्याला घरात घेतले नसते. डोळ्यांत पाणी येईल असे एक वाक्य सुचले होते. ते मी काढून टाकले, कारण ते खरे घडलेले नव्हते. ताईने पत्र वाचले आणि काही न बोलता सहीच्या खाली स्वतःचीही सही केली.

पत्राचे इंग्रजी भाषांतर होऊन ते गेले. उत्तर अजून आलेले नाही. यायला किती दिवस लागतील ते कोणी सांगत नाही.

अमेरिकेचे कायदे माझ्या लेखाने बदलणार नाहीत, हे कळण्याइतकी मी मॅट्रिक आहे. तरी मागायचे ते मागते. मुलाला माणसात धरा. त्याचे दुःख त्याच्या नावावर मांडा. नवरा-बायकोची आणि बापलेकीची ताटातूट हाच पुरेसा त्रास आहे असे माना. त्याच्यावर आणखी दुखणे आणा म्हणू नका. आणि अपराधाची शिक्षा अपराधावरून ठरवा. घरातले दुसरे कोणी किती मोडले यावरून नको.

वाचकांकडे मागणे त्याहून सोपे आहे. यंदा फराळाचा डबा परदेशी पाठवाल तेव्हा फोन करून "कशी आहेस" विचाराल. "बरी आहे" असे उत्तर येईल. तेवढ्यावर फोन ठेवू नका. आजचा दिवस कसा गेला ते सकाळपासून सांग, असे म्हणा, आणि ती सांगेपर्यंत थांबा. त्यासाठी तिला कोणाचा दाखला आणावा लागू नये.